घर बघायला जाताना भीड घरी ठेवा

"ती खोली राहू द्या, तिथे नुसतं सामान भरलंय," मालकीणबाई म्हणाल्या, आणि आम्ही खरंच ती खोली राहू दिली. त्याआधी त्यांनी आम्हाला पोहे खायला घातले होते, चहा दिला होता, मुलीच्या हातावर लाडू ठेवला होता. एवढं खाऊन झाल्यावर "दार उघडून दाखवा" म्हणायला जीभच रेटेना. फ्लॅट आवडला होता. घरी येऊन आम्ही टोकनचा, म्हणजे घर पक्कं करायला आधी द्यायच्या रकमेचा, आकडाही ठरवला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई बरोबर आल्या. उंबरा ओलांडताच त्यांनी विचारलं, "दोन बेडरूम म्हणालात ना? दुसरी कुठेय?" दार उघडावंच लागलं. छताच्या कोपऱ्यापासून खिडकीच्या चौकटीपर्यंत भिंत काळी पडली होती. प्लास्टरचे पोपडे कॉटवर पडले होते आणि कॉटच्या डोक्याशी प्लास्टिकची बादली होती. बादलीत दोन बोटं पाणी.

पुण्यातल्या वारजे, धायरी, सिंहगड रस्ता या पट्ट्यात दीड वर्षात आम्ही एकूण ३१ घरं बघितली. रिसेलचा टू बीएचके, बजेट ८० लाख. त्यातली निम्मी घरं बघून येताना मन खट्टू झालेलं असायचं, आणि नेमकं काय खटकलं हे आपसातही बोलता यायचं नाही. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. घरातले दोष आपल्याला दिसत असतात, पण विचारायची लाज वाटते. जुनी माणसं म्हणतात, भीड भिकेची बहीण. घरखरेदीत ती अक्षरशः खरी ठरते. पहिल्यांदाच घर शोधायला निघालेल्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितेय.

पहिली पायरी : फोनवर अर्धं काम उरका

जाहिरातीतले फोटो बघून लगेच निघू नका. आधी फोनवर पाच-सहा गोष्टी स्पष्ट विचारा. कार्पेट एरिया किती? ("साडेनऊशे" म्हणाले की "कार्पेट की सेलेबल?" हा प्रश्न लगेच यायला हवा. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, सेलेबल म्हणजे त्यात जिना-लिफ्टसारख्या जागांचा वाटा धरून सांगितलेली. जुन्या इमारतींमध्ये दोन्हींत तीस टक्क्यांचाही फरक निघतो.) फ्लॅट कोणाच्या नावावर आहे आणि ते स्वतः भेटणार आहेत का? फ्लॅटवर कर्ज आहे का? इमारतीला पूर्णत्वाचा (कम्प्लिशन) किंवा भोगवट्याचा (ओसी) दाखला मिळालाय का? सध्या तिथे कोण राहतंय? मालक परदेशात आहेत का?

शेवटचा प्रश्न पुण्यात फार महत्त्वाचा. कितीतरी फ्लॅट अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर असतात आणि दाखवायला काका किंवा शेजारी येतात. अशा वेळी काकांकडे नोंदलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) आहे का ते बघावं लागतं. करही वेगळा. भारतात राहणाऱ्या माणसाकडून ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना खरेदीदाराने १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या कराची रक्कम, कापून भरायचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर कपात यापेक्षा बरीच जास्त असते आणि ती कापायची जबाबदारी आपलीच. सीएला विचारल्याशिवाय असा व्यवहार पुढे नेऊ नका.

आणि बजेट म्हणजे फक्त फ्लॅटची किंमत नव्हे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के पडतं, नोंदणी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटवर ५ लाख ६० हजार अधिक ३० हजार, आणि एजंटची दलाली वेगळी. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, या हिशोबात तब्बल ८० हजार. मुद्रांक आणि नोंदणीचा हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो खिशातूनच जातो. आम्ही हे उशिरा मांडलं, आणि तोवर आवाक्याबाहेरची सहा-सात घरं उगाच बघून झाली होती.

दुसरी पायरी : वेळ तुम्ही ठरवा

एजंट संध्याकाळी सातला बोलावतात, कारण आपण ऑफिसातून सुटलेलो असतो. सातला सगळे दिवे लावलेले असतात आणि कुठलंही घर छान दिसतं. पहिली फेरी दिवसा, दिवे बंद ठेवून. दुसरी फेरी कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर, पार्किंग भरलेलं असताना. जमल्यास एक फेरी भर पावसात. जुलै-ऑगस्टमध्ये घर शोधणं त्रासाचं असतं, पण तेव्हा भिंती खोटं बोलू शकत नाहीत.

तिसरी पायरी : आधी घर, मग चहा

आमच्या घरी आता हा नियमच झालाय. कोणी चहा ठेवायला गेलं की हात जोडून सांगायचं, "आधी घर बघू या, मग निवांत बसून घेऊ." एकदा पाहुणे झालात की तपासणी संपते.

प्रत्येक दार उघडायला सांगा. "किल्ली नाही", "आत मुलगा झोपलाय", "भाडेकरू बाहेर गेलाय" ही कारणं खरीही असतात. भांडायचं नाही. "मग तो आहे तेव्हा परत येतो" एवढंच म्हणायचं. सगळ्या खोल्या बघितल्याशिवाय टोकन नाही, याला अपवाद नको.

ओल शोधायची असेल तर ताजा रंग शोधा. सगळं घर आठ वर्षांपूर्वीच्या रंगाचं आणि एकच भिंत नवी कोरी असेल, तर त्या भिंतीपाशी थांबा. तळहाताची मागची बाजू लावून बघा, ओली भिंत गार लागते. बाथरूमची भिंत पलीकडच्या बेडरूममध्ये जिथे येते ती बाजू बघा, स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या, वरच्या वीतभर भागात बुडबुडे आलेत का ते बघा. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आत वाकून वास घ्या. एका सुंदर सजवलेल्या घरात हॉलभर उदबत्तीचा घमघमाट होता. कपाट उघडलं तर डांबराच्या गोळ्यांच्या वासामागून ओल्या पोत्यासारखा वास आला. कपड्यांच्या घड्या सरकवल्या तर मागच्या प्लायवर हिरवट-काळी बुरशी पसरलेली. मालक म्हणाले, "अहो, पावसाळ्यात सगळीकडेच होतं." तेव्हा मार्च महिना चालू होता.

बाथरूममध्ये फॉल्स सीलिंग असेल तर त्याची झडप उघडून मोबाइलचा टॉर्च मारा. वरच्या फ्लॅटचे पाइप तिथेच असतात. पाइपभोवती पांढरे क्षार जमलेत किंवा गंजके ओघळ आलेत तर गळती आहे. मग जिना चढून वरच्यांची बेल वाजवा. हो, अनोळखी माणसाच्या घरी. मला हे सगळ्यात अवघड गेलं, पण आम्हाला सगळ्यात जास्त माहिती वरच्या मजल्यांवरूनच मिळाली. गळती कुठून येते यावर खर्च कोणी करायचा हे ठरतं. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. वरच्या बाथरूममधून येत असेल तर वरचा आणि खालचा सभासद यांनी आपसात मिटवायचं, आणि ते वर्षानुवर्षं मिटत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर गच्चीवर जाच. पूर्ण गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली दिसली तर का घातली ते विचारा.

फरशीवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज येणाऱ्या टाइल्स उखडायला आलेल्या असतात. पाच मीटरचा टेप जवळ ठेवा. तुमचा दिवाण आणि फ्रिज यांची मापं वहीत असू द्यात.

वास आला म्हणून लगेच पळू नका

इथे थोडी उलटी गोष्ट सांगते. घाण दिसणारं घर वाईट असतंच असं नाही. भाड्याने दिलेल्या एका फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं तेव्हा माझ्या पोटात ढवळलं. भिंतीवर तेलकट हातांचे डाग, गॅलरीत पिंका, गटाराचा वास. माझे यजमान दारातूनच परत फिरले. मी एक मग पाणी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या पाणी साठणाऱ्या भागात) ओतलं, खिडक्या उघडल्या आणि दहा मिनिटं थांबले. वास गेला. घर बरेच दिवस बंद राहिलं की ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि ड्रेनेजचा वास सरळ वर येतो. पाणी ओतूनही वास राहिला तर मात्र पाइप किंवा चेंबरमध्ये बिघाड आहे.

मळक्या भिंती, लोंबकळणाऱ्या वायरी, तुटलेलं बेसिन, विटलेला ओटा यांचा खर्च आधी काढता येतो आणि किंमत पाडून मागता येते. ओल, तिरक्या भेगा, पाण्याची टंचाई, अंधारी खोली आणि कागदांतला घोळ हे मात्र पैसे टाकूनही सहज सुटत नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी भेग बहुधा प्लास्टरची असते. बीम किंवा कॉलमवर उभी भेग दिसली, काँक्रीट सुटून गंजकी सळई दिसली, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. इमारत १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं.

चौथी पायरी : पाणी, कमी आणि जास्त

घरातले तीन नळ एकदम सोडा आणि फ्लश ओढा. धार किती बारीक होते ते दिसेल. मग वॉचमनशी बोला. "पाणी येतं का?" असं विचारलं तर उत्तर "येतं" असंच मिळतं. "काल किती टँकर आले?" असं विचारा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण उंड्री-पिसोळीसारख्या भागांत अजून टँकरवर दिवस काढावे लागतात. दहा हजार लिटरचे टँकर रोज येत असतील तर तो खर्च मेंटेनन्सच्या बिलात दिसतो. मागच्या एप्रिल-मेची बिलं मागा, पावसाळ्यातली नव्हे.

आणि नदी किंवा ओढा जवळ असेल तर पुराचं विचारा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. नदीची निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपली इमारत या रेषांच्या आत येते का, हे महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर आर्किटेक्टकडून बघून घेता येतं. जागेवरची खूण त्याहून सोपी आहे. पार्किंगमधल्या भिंतीवर गाळाची आडवी रेघ आहे का, आणि विजेचे मीटर डोक्याच्याही वर नेऊन बसवलेत का ते बघा. आम्ही एका ठिकाणी मीटरबद्दल विचारलं तर एजंटने विषय बदलला. समोरच्या इस्त्रीवाल्याने मात्र पाणी कुठवर आलं होतं ते कमरेला हात लावून दाखवलं.

पाचवी पायरी : माणसं

"तुमच्यानंतर एक पार्टी येतेय, ते आज संध्याकाळी टोकन देणार." हे वाक्य आम्ही ३१ पैकी किमान वीस घरांत ऐकलं. पहिल्या दोन वेळी घाबरलो, रात्री झोप लागली नाही. तीन महिन्यांनी त्याच घरांच्या जाहिराती तशाच होत्या. खरंच दुसरी पार्टी असली तरी एका रात्रीत कागद न बघता ८० लाख गुंतवण्यापेक्षा ते घर त्यांना मिळालेलं बरं. एजंटला आधीच विचारा की दलाली किती आणि ती दोन्ही बाजूंकडून घेणार का. बिल्डरच्या नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकणारा एजंट महारेराकडे (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेला असावाच लागतो. त्याचा क्रमांक मागायला लाजू नका.

मग येतात ते प्रश्न. "आडनाव काय? म्हणजे तुम्ही कोण? घरी नॉनव्हेज होतं का?" आपल्याच शहरात, आपल्या कष्टाच्या पैशांनी घर घेताना हे ऐकून घ्यावं लागतं. माझ्या ऑफिसातल्या एका मुस्लीम मैत्रिणीला फोनवर नाव सांगताच "फ्लॅट गेला" असं उत्तर मिळालं. अर्ध्या तासाने मी फोन केला तर मला रविवारची वेळ दिली. मी ती वेळ घेतली नाही. त्या दिवशी आम्हा दोघींनाही जेवण गेलं नाही. अशा ठिकाणी घर घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण कायदा माहीत असावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवावा लागतो, नाकारल्यास निबंधकांकडे अपील करता येतं. "डोनेशन"च्या नावाखाली लाख-दोन लाख मागणाऱ्या सोसायट्याही भेटतात. हस्तांतरणाचं अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये असू शकतं. पार्किंगचंही असंच. बिल्डरला स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा "पार्किंगचे चार लाख वेगळे" कोणी म्हणालं तर सोसायटीच्या नोंदीत ती जागा कोणाला दिलीय ते लेखी बघा.

सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते धायरीतलं एक घर. मुलगा आम्हाला उत्साहाने खोल्या दाखवत होता. आतल्या खोलीत त्याचे वडील खुर्चीत बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र. मी नमस्कार केला. त्यांनी मुलाकडे न बघता मला विचारलं, "बाई, मी कुठं जायचं ते ठरलंय का?" मुलगा हसून "बाबांना काही लक्षात राहत नाही" म्हणाला. आम्ही पाच मिनिटांत बाहेर पडलो. लिफ्टमध्ये कोणीच बोललं नाही.

नंतर इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) काढून पाहिला तर फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर होता. आई वारलेली, मुलगा फक्त नॉमिनी, आणि एक बहीणही होती. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, किंवा ज्यांना हिस्सा नको त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. घरात कोणी गप्प बसलं असेल, नवरा-बायकोच्या उत्तरांत फरक पडत असेल, तर अवघडून गप्प राहू नका. "सगळ्यांची संमती आहे ना?" असं सगळ्यांसमोर विचारा.

सॅम्पल फ्लॅटबद्दल थोडंसं

नवीन प्रकल्प बघत असाल तर सॅम्पल फ्लॅटमध्ये टेप काढाच. पलंग मुद्दाम छोटे बनवलेले असतात, खोल्यांना दारं नसतात, भिंतभर आरसे असतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख असते, तीच खरी धरा. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

सहावी पायरी : टोकनच्या आधी

घर आवडलं की दुसऱ्या फेरीला घरातलं एक न भुलणारं माणूस बरोबर न्या. आमच्याकडे ते काम सासूबाईंनी केलं. मग कागद मागा: आधीच्या सगळ्या खरेद्यांची साखळी, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पूर्णत्वाचा दाखला, मिळकतकराची आणि मेंटेनन्सची शेवटची पावती, कर्ज असेल तर किती बाकी आहे त्याचं बँकेचं पत्र. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावे झालंय का तेही विचारा. पुढे पुनर्विकास निघाला की ते लागतं. हे सगळं तुमच्या वकिलाला दाखवा, विकणाऱ्याच्या वकिलाला नव्हे.

टोकन रोख देऊ नका. चेक किंवा बँकेतून, मालकाच्याच खात्यावर, आणि विसार पावती करून. पावतीत ठरलेली किंमत, करारनाम्याची तारीख आणि एक वाक्य हवंच: बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागदांत दोष निघाला तर विसार पूर्ण परत. घरात काय राहणार, म्हणजे गीझर, पंखे, किचन ट्रॉली, हेही तिथेच लिहून फोटो काढून ठेवा.

नको असेल तर तसं कळवा

आपण नाही म्हणायलाही भितो. "कळवतो" म्हणून निघतो आणि मग फोन उचलत नाही. पलीकडे कोणाचं तरी नवीन घराचं बुकिंग अडलेलं असतं, कोणी कर्जाचे हप्ते भरत असतं. त्याच दिवशी, कारणासकट, दोन ओळी लिहून पाठवा. बादलीवाल्या मालकीणबाईंना मी लिहिलं होतं: "काकू, घर उजेडाचं आहे, आवडलं. पण आतल्या खोलीतल्या गळतीमुळे आम्ही थांबतोय. वरच्यांकडून काम करून घेतलंत तर पुढच्या माणसाला ती खोली आधीच दाखवता येईल." दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. रागावल्या असतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "वॉटरप्रूफिंगवाला कोणी ओळखीचा आहे का गं?"